हातनको आणि सासऱ्यांची गाडी

आमच्या साडूला घरी, दारी आणि कामावर सगळे ‘हातनको’ म्हणतात. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, म्हणून मी त्याला अरे-तुरे करतो, आणि तो मला ‘दादा, दादा’ म्हणत माझं काहीएक ऐकत नाही.

नाव पडलं ते त्याच्या धंद्यावरून. हा माणूस गाड्यांचा रंग चकचकीत करतो. गाडी पुसून उभी केली की बघणाऱ्याचं बोट आपोआप पुढे जातं, आणि त्याच क्षणी कुठूनतरी आवाज येतो, “हात नको.” सवय इतकी हाडात मुरलेली, की त्याला मुलगी झाली तेव्हा आमच्या सासूबाई नातीच्या गालाला हात लावायला वाकल्या आणि हा खाटेच्या पलीकडून म्हणाला, “हात नको.” म्हणाला आणि जीभ चावली. सासूबाई त्यानंतर बरेच दिवस त्याच्या घरी गेल्या की दोन्ही हात पाठीमागे बांधून बसायच्या. त्या बाई कमी नव्हत्या.

ज्या गाळ्यात त्याने उमेदीची वर्षं घातली तो गाळा एका गाडीपुरता होता. गाडी आत घेतली की दोन्ही अंगांना माणूस आडवा होऊन सरकेल एवढीच वाट. मागे भिंत, पुढे लोखंडी शटर, वर एक ट्यूबलाइट. खिडकी होती, पण तिच्यातून धूळ येते म्हणून ती विटा लावून बुजवलेली. बुजवायला कोणी सांगितलं? आमच्याच साडूने. तो गाळा त्याने स्वतःच्या हातांनी, एकेक नियम करून, असा काही बंदिस्त केला होता की माशीलासुद्धा विचारून यावं लागे.

त्याचे नियम ऐकण्यासारखे होते. कामाला लागायचं तर कमरेचा पट्टा काढायचा, कारण पट्ट्याच्या बकलाचा ओरखडा गाडीवर उठतो. घड्याळ, अंगठी काढायची, तेच कारण. खिशात फोन ठेवायचा नाही, वाकताना दाराला घासतो. हे सगळं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात घालायचं आणि डबा शटरबाहेरच्या कट्ट्यावर ठेवायचा. मग बिनगुंड्यांचा झगा चढवायचा, विजारीला फडक्याची चिंधी बांधायची, फरशीवर पाणी मारायचं म्हणजे धूळ बसते, आणि मग गाडीकडे वळायचं. माझी मेव्हणी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, “हे कामाला जातात की तुरुंगात, तेच कळत नाही. दारातच सगळं काढून घेतात.”

तिला विनोद करायला जमत होतं, पण मनातून ती पिचली होती. साडूचे गुडघे ओल्या फरशीवर बसून बसून वाजायला लागले होते. औषधांच्या वासाने रात्री डोकं धरून बसायचा. स्वतःचा छोटा गाळा घ्यायचा, उजेडाचा, वाऱ्याचा, हे त्याचं स्वप्न जुनंच होतं. पण नोकरी सोडायचा विषय काढला की मालक त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. “जा की. तुला कोणी बांधून ठेवलंय? एवढी एक गाडी कर आणि जा.” एक गाडी झाली की दुसरी उभीच असे. असं करता करता मुलगी लग्नाच्या वयाची झाली आणि ती ‘एक गाडी’ काही संपली नाही.

शेवटी मेव्हणीनेच जागा शोधली. मोठ्या रस्त्याला लागून एका म्हातारबाईंची पत्र्याची शेड होती. पुढे रस्ता, मागे बाईंचं घर, दोन बाजूंनी उजेड. बाई सडेतोड. म्हणाल्या, “मी कागदबिगद करत नाही. उद्या दिवस मावळायच्या आत काम करणाऱ्या माणसाला माझ्यासमोर उभं कर. मी तोंड बघते, तो हो म्हणाला की जागा त्याची. नाही आला तर टायरवाला रोज येऊन माझ्या दारात बसतोय, त्याला देऊन मोकळी होते. त्याचं तोंड बघून बघून तशीही कंटाळलेय.”

मेव्हणीने घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, “उद्या आकाश कोसळलं तरी चालेल. दिवेलागणीच्या आधी तुम्ही तिथे पाहिजे. मी दुपारपासूनच जाऊन बसते.”

“उद्या सकाळीच मालकाला सांगून टाकतो,” साडू म्हणाला.

“मालकाला सांगू नका. नुसते या.”

पण सरळ माणसाला वाकडं चालता येत नाही. सकाळी गेला आणि मालकाला म्हणाला, “आज मला लवकर निघायचंय. आणि उद्यापासून...”

पुढचं ऐकायला मालकाला सवड नव्हती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. गाळ्यासमोर एक गडद निळी, जुनी पण दिमाखदार गाडी उभी होती. मालकाच्या सासऱ्यांची. जावई हा दहावा ग्रह म्हणतात, पण आमच्या मालकाच्या कुंडलीत सासरेबुवा अकरावे होऊन बसले होते. ते गावाला गेले असताना याने त्यांची गाडी न विचारता काढली, मित्रांना फिरवलं, झाडाखाली उभी केली. वर पक्ष्यांनी आपलं काम केलं, झाडाने चीक गाळला. हे महाशय घाबरले आणि घरातलं खरखरीत फडकं घेऊन कोरडंच घासायला बसले. आता बॉनेटवर उन्हात गोल गोल ओरखड्यांची जाळी दिसत होती, जशी कोळ्याने विणलेली. आणि सासरे संध्याकाळच्या आगगाडीने परत येत होते.

“माझी अब्रू तुझ्या हातात आहे,” मालक म्हणाला. “एवढी एक गाडी कर आणि जा.”

साडूने गाडीभोवती एक फेरी मारली. नीट काम करायचं तर दोन दिवसांचं होतं. हातात होता एकच दिवस, आणि मावळायच्या आत शेडवर पोचायचं म्हणजे त्याहूनही कमी. पण गंमत बघा, एवढ्या अडचणीतही गाडी बघितली की या माणसाचे डोळे चमकायचे. मला तो नेहमी सांगे, “दादा, वेळ कमी असला की धुण्यात काटकसर करायची नाही. घाईत धुतलेली गाडी म्हणजे वाळूने घासलेला आरसा. काटकसर पॉलिशमध्ये करायची. खोल ओरखड्याच्या नादी लागायचं नाही, तो राहू दे, त्याचं त्याचं नशीब. उभ्या माणसाच्या नजरेला जे दिसतं तेवढं आधी.”

तसंच केलं. दोन बादल्या घेतल्या, एक साबणाची, एक फडकं पिळायची, म्हणजे निघालेली वाळू परत रंगावर जात नाही. वरून खाली धूत आला. मग चिकट मातीची वडी ओल्या रंगावरून फिरवली. चीक, डांबराचे ठिपके, हाताला खडबडीत लागेल असं सगळं तिने ओढून घेतलं. मग मशीन लावली. मशीन एका जागी थांबली की रंग जळतो, म्हणून पुढे-मागे, पुढे-मागे, गाईच्या पाठीवरून हात फिरवावा तशी. बॉनेट, छत, चालकाच्या बाजूची दारं. तीन वेळा करायचं ते एकदाच केलं. जाळी पुसट झाली, मोडली, आणि निळ्या रंगात ट्यूबलाइट सरळ उभी दिसायला लागली.

राहिला संरक्षणाचा थर. मेण चोळत बसायला वेळ नव्हता. त्याच्याकडे पातळ लेपाची बाटली असते, तो लावायचा, पांढुरका झाला की कोरड्या फडक्याने पुसायचा आणि मग गाडीला एकटं सोडायचं. धूळ नको, पाणी नको, हात तर नकोच. हा लेप लावला की शटर ओढून कुलूप लावायचं, हा नियमही साडूनेच घातलेला. मालक तो कधी पाळायचा नाही, म्हणून दोघांची वर्षानुवर्षं भांडणं.

लेप पुसून झाला तेव्हा बाहेर ऊन कलतं होतं, पण वेळ होता. साडू शटरपाशी आला, “झालं,” म्हणाला. “मी निघालो. तुम्ही कुलूप लावा, आठवणीने.”

“लावतो, लावतो,” मालक म्हणाला. गाडीची किल्ली त्याच्या खिशात, नजर रस्त्यावर, कान फोनला. सासऱ्यांना आणायला निघायची घाई.

आणि इथे आमच्या साडूने, फक्त आमचा साडूच करेल, अशी चूक केली. झगा काढायला हात वर केला, आणि त्याच्या मनात आलं, डिकीच्या खालची पट्टी राहिली. गुडघ्याएवढ्या उंचीवरची, भिंतीकडची. तिथे उभ्या माणसाची नजर जात नाही, सासऱ्यांचीही गेली नसती. पण आपल्याला माहीत आहे ना? मग काय, वळला, आडवा होऊन सरकला आणि गाडीमागे गुडघ्यांवर बसला. एक हात, फार नाही.

तेवढ्यात शटर खडखडत खाली आलं. त्याला वाटलं, धुळीसाठी ओढलं असेल. मग कुलपाचा खटका ऐकू आला आणि पाठोपाठ मालकाची स्कूटर. इतक्या वर्षांत मालकाने त्याचं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

“मालक,” त्याने हाक मारली. मग मोठ्याने मारली. पण शेजारी वेल्डरचं दुकान, तिथे लोखंड कापायचं यंत्र कर्कश ओरडत होतं. भिंतीला कान असतात म्हणतात, त्या भिंतीचे फुटले होते.

तो सरकत शटरपाशी आला आणि बडवायला हात उगारला. उगारलेला हात तसाच राहिला. शटरच्या पट्ट्यापट्ट्यांत वर्षानुवर्षांची गंजाची भुकटी साठलेली. बडवलं तर सगळी खाली झडणार, आणि खाली बॉनेटवर लेप अजून कच्चा. त्याने मनातल्या मनात स्वतःलाच म्हटलं, हात नको.

मग तो उभा राहिला. टेकायला जागा नाही. पुढे शटर, टेकलं तर गंज. बाजूला गाडी, टेकलं तर लेप. भिंत काय ती आपली, पण तिथे जायचं तर आडवं सरकायचं, झगा दाराला घासायची भीती. हॉर्न वाजवावा म्हटलं तर गाडीला कुलूप आणि किल्ली स्कूटरवरून स्टेशनला निघालेली. विटांनी बुजवलेल्या खिडकीकडे त्याने एकदा पाहिलं. तो मला पुढे म्हणाला, “दादा, उंदीर पिंजऱ्यात सापडतो त्याला निदान पिंजरा दुसऱ्याने केलेला असतो.”

आणि मग बाहेरच्या कट्ट्यावर बिस्किटांचा डबा वाजू लागला.

डब्यात फोन, फोनशेजारी पट्ट्याचं बकल आणि घड्याळ. फोन थरथरला की सगळा डबा ताशासारखा तडतडायचा. बायकोच असणार. डबा वाजायचा, थांबायचा, परत वाजायचा. हातभर अंतरावर, मध्ये शटर. मेव्हणी तिकडे शेडमध्ये काय करत होती ते तिने आम्हाला नंतर सांगितलं. म्हातारबाई ओसरीवर बसून आकाशाकडे बघत होत्या आणि टायरवाला पायांनी जागा मोजत होता. मेव्हणी म्हणाली, “अहो, मोजता कसली? अजून दिवस आहे.” टायरवाला म्हणाला, “मी फक्त चालतोय, वहिनी. चालायला बंदी आहे का?”

इकडे शटरखालच्या फटीतून येणारी उन्हाची पट्टी पिवळी झाली, मग तांबूस. साडूला वाटायला लागलं, आपण सगळा जन्म याच जागेत काढला. पोरगी शाळेत पहिली आली तेव्हा इथे. बापाचा शेवटचा निरोप आला तेव्हाही डबा असाच वाजत राहिला होता आणि हा गाडी संपवूनच बाहेर आला होता. लोकांच्या रंगाला ओरखडा नको म्हणून.

मध्येच वेल्डरचं यंत्र थांबलं. चहाची वेळ असावी. शांततेत डबा परत तडतडला, आणि चपला ओढत कोणीतरी आलं.

“अरे, हातनकोचा डबा बाहेरच राहिला की,” वेल्डर म्हणाला.

“मी पण आतच राहिलोय,” आतून आवाज आला.

वेल्डर दचकला असावा, कारण चहा सांडल्याचा आवाज साडूने ऐकला. “भाऊ? आत काय करतोयस?”

“काय करणार. उभा आहे.”

“किल्ली?”

“मालकाकडे. तो स्टेशनवर.”

“मग त्यात काय, कापतो कुलूप. माझं यंत्र इथेच आहे.” आणि तो वळलाही.

“नको, नको. ठिणग्या उडतील.”

“उडू देत की.”

“तापलेला कण रंगावर बसला तर आत रुततो. मग निघत नाही. आणि शटर हललं की गंज.”

वेल्डर माघारी आला. म्हणाला, “भाऊ, मी पुष्कळ शहाणे बघितले. पण आत कोंडलेला माणूस सोडवणाऱ्याला ‘हात नको’ म्हणतोय, हे आजच बघतोय.”

डबा वाजला. “उचल,” साडू म्हणाला. “बायको असेल.”

वेल्डरने फोन उचलला. “हां वहिनी. मी शेजारचा. नाही, नाही, बरे आहेत. आत आहेत. नाही, गाडीखाली नाही, कुलपात आहेत. काय? थांबा, सांगतो.” मग शटरच्या फटीशी तोंड नेऊन म्हणाला, “टायरवाला दोरी घेऊन आलाय. म्हातारबाई म्हणतायत, सूर्य टेकडीला लागला. वहिनी म्हणतायत, येताय की नाही ते एकदाच सांगा, मला इथून उठायचं की नाही तेवढं ठरवू दे.”

साडू गाडीकडे बघत राहिला. बॉनेट तळ्यासारखं शांत. त्यात त्याचं स्वतःचं तोंड दिसत होतं, झगा घातलेलं, दमलेलं. म्हातारबाईंना बघायचं होतं ते हेच.

“काप,” तो म्हणाला.

“नक्की?”

“काप लवकर. थांब, आधी फडकी भिजवतो.”

सोडवणूक झाली तरी काम सुटत नाही, बघा. त्याने पिळायच्या बादलीतली सगळी फडकी शटरखालच्या फटीत कोंबली, झगा काढून दोन हातांत ताणून धरला आणि स्वतः शटर आणि गाडी यांच्यामध्ये, शटरकडे पाठ करून उभा राहिला. यंत्र ओरडलं. चुकार ठिणग्या पोटऱ्यांना चावल्या. त्यांचे डाग अजून आहेत, कोणी विचारलं की विजार वर करून दाखवतो. कुलूप तुटलं, शटर वर गेलं, आणि ज्याची भीती होती तेच झालं. गंजाची तांबडी भुकटी अलगद खाली आली आणि बॉनेटच्या कडेला तीट लावावी तशी बसली.

साडू वाकला. हात आपोआप फडक्याकडे गेला. हे पुसायचं, तिथला लेप काढायचा, परत लावायचा, परत वाट बघायची.

“एवढं एक...” तो म्हणाला, आणि स्वतःच्याच तोंडून मालकाचं वाक्य ऐकून थांबला.

“भाऊ, वहिनी फोनवरच आहेत,” वेल्डर म्हणाला.

साडूने फडकं बादलीच्या काठावर नीट घडी करून ठेवलं. घडी केल्याशिवाय त्याला जाताच येत नव्हतं. मग डबा काखेत मारला आणि चिंधी बांधलेल्या विजारीनिशी रस्त्यावर धावत सुटला. डबा खुळखुळतोय, गुडघे वाजतायत. बघणाऱ्यांना वाटलं, चोर पळतोय.

शेडशी पोचला तेव्हा सूर्य गेला होता, उजेड होता. म्हातारबाई ओसरीवरून म्हणाल्या, “उशीर झाला. मी त्याला शब्द दिला.”

साडू डबा काखेत धरून धापा टाकत होता.

“पण सगळ्याचा नाही दिला,” बाई पुढे म्हणाल्या. “ही तुझी बायको मागच्या अर्ध्यात फतकल मारून बसलीय. म्हणते, उचलून बाहेर टाका. टायरवाला म्हणतो, परस्त्रीला हात कसा लावू? म्हटलं, मग पुढचं अर्धं घे आणि गप बस. आता तू तोंड दाखव. हं. दमलेलं आहे, पण बरं आहे. हो म्हणतोस का?”

रस्त्याला लागून टायरवाला, मागे हा. म्हणजे गाडी आत आणायची किंवा बाहेर काढायची तर टायरवाल्याच्या ढिगाऱ्यातून, त्याला विचारून. उजेड एका बाजूचा गेला. आणि टायरची काळी धूळ म्हणजे पॉलिशवाल्याचं मरण. साडूने हे सगळं एका नजरेत बघितलं. मग बायकोकडे बघितलं. ती बसूनच होती.

“हो,” तो म्हणाला.

मालकाचं काय झालं ते वेल्डरने सांगितलं. सासरेबुवा आले, गाडी बघितली. गंजाचे ठिपके त्यांना दिसलेच नाहीत. ते जावयाकडे वळून एवढंच म्हणाले, “मी गेलो तेव्हा हिच्यावर बोटभर धूळ होती. इतकी का चमकवलीस? काय केलंस?” आणि जावई घडाघडा सगळं बोलून गेला.

आज साडू त्या मागच्या अर्ध्यातच असतो. मध्ये ओला पडदा लावलाय, दिवसातून कितीदा तरी त्यावर पाणी मारतो. टायरवाल्याशी रोज भांडण, रोज एकत्र चहा. गाडी संपली तरी कधीकधी टायरवाल्याचं गिऱ्हाईक वाटेत उभं असतं आणि हा तयार गाडीशेजारी अडकून बसतो. मी एकदा म्हटलं, “अरे, तिथेही अडकलाच होतास, इथेही अडकलास. मिळवलंस काय?”

तेव्हा तो डिकीखालची पट्टी पुसत होता. फोन गळ्यात, कापडी पिशवीत, गोफासारखा लोंबत होता. तो वाजला, त्याने गुडघ्यांवर बसल्याबसल्याच उचलला आणि ‘हां, बोल’ म्हणाला. बायको होती. बोलणं संपेपर्यंत त्याने फडकं बाजूला ठेवलं.

मी तेवढ्यात गाडीच्या आरशाकडे जरा वाकलो होतो.

“दादा,” फोनवर हात ठेवून तो म्हणाला, “हात नको.”